पायांवरील सूज आणि छातीवरील दडपण

दिवसभराचें काम आटोपून मनुष्य संध्याकाळीं घरीं येतो. मोजे उतरतांना घोट्यावर त्यांच्या विणीचा ठसा खोल उमटलेला दिसतो. नडगीवर अंगठा दाबून धरला तर तेथें खळगा पडतो आणि तो भरून यावयास बराच वेळ लागतो. पुढें कांहीं दिवसांनीं जिना चढतांना मध्येंच थांबावेंसें वाटूं लागतें. मग रात्रीं आडवें पडलें कीं श्वास कोंडतो, छातीवर कोणीं धोंड ठेवल्यासारखें होतें, आणि दोन उशा पाठीशीं घेऊन बसल्यावांचून झोंप येत नाहीं. घरांतील वडील माणसें म्हणतात, अंगावर पाणी चढलें. निदान जुनें आहे आणि एका अर्थीं बिनचूक आहे. पाणी चढलें हें खरेंच. तें कां चढलें, हा प्रश्न मात्र कठीण. त्याला उत्तर एक नाहीं, अनेक आहेत, एवढें निश्चित होण्यास विदरिंगपासून कलकत्त्याच्या संशोधकांपर्यंत सुमारें दीडशें वर्षें लागलीं, आणि त्या अवधींत चुकीच्या उत्तरांपायीं हजारों माणसें प्राणास मुकलीं.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं ह्या विकाराकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वयथु, म्हणजे सूज, हिला एक संपूर्ण अध्याय दिलेला असून लगेच पुढील अध्यायांत उदररोगांचा, व त्यांतच जलोदराचा, विचार येतो. सूज शरीराच्या आंतूनच उपजली कीं बाहेरच्या आघातानें वा विषानें आली, असा निज आणि आगंतु हा भेदहि तेथें केलेला आहे. पुढील इतिहास वाचला म्हणजे हा भेद किती मार्मिक होता तें ध्यानांत येतें. युरोपांत ग्रीकांच्या काळापासून अशा रोग्याचा रोग पाण्याच्याच नांवानें ओळखला जाई. इंग्रजींतील ड्रॉप्सी हा शब्द त्याच मुळांतून आला. नांव एक पडलें, आणि एक नांव म्हणजे एक रोग अशी समजूत पक्की झाली. रेच द्यावा, रक्त काढावें, लघवी सुटावी म्हणून कडू मुळ्या पाजाव्या, आणि कांहींच चालेनासें झालें म्हणजे पोटास वा पायांस छिद्र पाडून पाणी वाहूं द्यावें, एवढाच उपचार शतकानुशतकें चालला.

इंग्रजीचा विख्यात कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन ह्याच रोगानें गेला. धाप आणि सूज ह्यांनीं त्याला अखेरच्या वर्षीं अगदीं जेरीस आणलें होतें. १३ डिसेंबर १७८४ रोजीं, म्हणजे मृत्यूच्याच दिवशीं, डॉक्टर पुरेसें खोल कापीत नाहींत असें वाटून त्यानें स्वतःच्या हातानें आपल्या पायांवर चिरा घेतल्या. मरणोत्तर तपासणींत त्याचें हृदय फार मोठें झालेलें, फुफ्फुसें वाऱ्यानें फुगून राहिलेलीं, आणि एक मूत्रपिंड जवळजवळ नष्ट झालेलें आढळलें. सूज एक आणि तिचे धनी तीन! परंतु त्या काळीं ह्या तीन गोष्टींचा हिशेब मांडणारें शास्त्रच नव्हतें.

नेमक्या पुढच्या वर्षीं, १७८५ मध्यें, बर्मिंगहॅम येथील डॉक्टर विल्यम विदरिंग ह्याचा फॉक्सग्लव्ह ह्या वनस्पतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दहा वर्षांपूर्वीं श्रॉपशायर परगण्यांतील एका म्हातारीच्या काढ्याविषयीं त्याचें मत कोणीं विचारलें होतें. काढ्यांत वीसएक वनस्पती होत्या आणि म्हातारी आपलें गुपित सांभाळून होती. त्यांतील खरें काम फॉक्सग्लव्ह करीत असावा, हें वनस्पतिशास्त्राचा व्यासंग असलेल्या विदरिंगनें ताडलें, आणि दीडशेंहून अधिक रोग्यांच्या हकीकती, यशाच्या तशाच अपयशाच्याहि, त्यानें जशाच्या तशा छापून टाकल्या. ह्या प्रामाणिकपणांतच ग्रंथाचें मोल आहे. कांहीं रोग्यांची सूज ह्या औषधानें झपाट्यानें उतरे, तर कांहींच्या अंगावर त्याचा परिणाम मुळींच होत नसे. विदरिंगला औषधाचा मुख्य गुण लघवी वाढविण्याचा वाटे. हृदयाच्या गतीवर त्याची विलक्षण सत्ता चालते हें त्यानें नमूद केलें. मात्र ज्यांची सूज उतरली त्यांचें हृदयच थकलेलें होतें, हा दुवा जुळावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

ज्यांच्यावर औषध चालत नसे अशांपैकीं एका मोठ्या गटाचा उलगडा रिचर्ड ब्राइट ह्यानें केला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत तो सुजलेल्या रोग्यांची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापवीत असे. कांहींची लघवी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें गोठे. असे रोगी दगावल्यावर त्यांचीं मूत्रपिंडें तपासलीं तर तीं हटकून बिघडलेलीं असत. १८२७ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. एक चमचा आणि एक मेणबत्ती ह्यांच्या बळावर एका प्राचीन रोगाचे दोन तुकडे पडले.

मग पाणी रक्तांतून बाहेर येतें तरी कसें? १८९६ सालीं अर्नेस्ट स्टार्लिंग ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें ह्याचा नियम मांडला. केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तांतील पाणी सतत बाहेर झिरपत असतें, कारण आंत दाब असतो. तेंच पाणी परत आंत ओढण्याचें काम रक्तांतील अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन करतें. हृदय दुबळें झालें कीं शिरांमध्यें रक्त तुंबून दाब वाढतो आणि पाणी अधिक झिरपतें. मूत्रपिंडांतून अल्ब्युमिन वाहून गेलें, यकृतानें तें तयार केलें नाहीं, किंवा दुष्काळांत पोटांतच कांहीं पडलें नाहीं, तर ओढणारी शक्ति उणावते. आणि एखाद्या विषानें केशवाहिन्यांची भिंतच सैल झाली, तर बांध फुटल्यासारखी गत होते. पाणी उताराकडे जातें, म्हणून सूज प्रथम पायांवर. रात्रीं मनुष्य आडवा झाला कीं तेंच पाणी रक्तांत परत शिरतें, दुबळ्या हृदयाला तो भार पेलत नाहीं, फुफ्फुसांत ओल सांचते आणि छाती दडपते.

आज डॉक्टरांपुढें असा रोगी आला म्हणजे त्यांच्या मनांत ही सारी वंशावळ उभी असते. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत हे थोरले संशयित; रक्तक्षय आणि कंठग्रंथीची मंदावलेली क्रिया हे त्यामागचे. गरोदरपणीं सुजेबरोबर रक्तदाब चढला तर ती बाब वेगळी आणि तांतडीची. रक्तदाबावरच्या कांहीं गोळ्यांनींसुद्धां घोटे सुजतात. तेवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं, पण डॉक्टरांना सांगितल्यावांचून गोळी सोडणेंहि बरें नव्हे. दोन्ही पाय संध्याकाळीं जड होऊन सकाळीं हलके होणें आणि एकच पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागणें, ह्यांत फार अंतर आहे. पायाच्या शिरेंत गोठलेली रक्ताची गांठ सुटून फुफ्फुसांत जाऊन अडकते, हें बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलें. असा पाय आणि पाठोपाठ धाप, किंवा छातींत एकदम आलेलें दडपण, असें झालें तर सकाळपर्यंतहि वाट न पाहतां रुग्णालय गांठावें लागतें.

हीं सर्व कारणें एकेकट्या माणसाचीं झालीं. परंतु हींच लक्षणें एखाद्या जहाजावर, तुरुंगांत किंवा शहराच्या एका पेठेंत शेंकडों माणसांना एकदम होऊं लागलीं तर? एवढ्या लोकांचीं हृदयें एकाच महिन्यांत आपोआप बिघडत नाहींत. ह्या प्रश्नाचा विचार पूर्वेकडे, भात खाणाऱ्या देशांत, प्रथम करावा लागला.

जपानांत ह्या रोगाला काक्के म्हणत. सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ ज्यांना परवडे अशा शहरी लोकांत तो अधिक. १८६६ सालीं ऐन विशींत वारलेला शोगुन इएमोची ह्यालाहि काक्केनेंच नेलें असें मानतात. पाय बधिर होत, सूज चढे, छाती धडधडे आणि कित्येकदां मनुष्य कांहीं तासांत धाप लागून मरे. बाहेरच्या जगांत हाच रोग बेरीबेरी ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. १८८२ च्या अखेरीस जपानी नौदलाचें रियूजो हें शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई अशा दीर्घ सफरीवर निघालें. जहाजावर ३७६ माणसें होतीं. त्यांतील १६९ जणांना काक्के झाला आणि २५ मरण पावले. लंडनमध्यें शिकून आलेला नौदलाचा डॉक्टर ताकाकी कानेहिरो ह्याच्या ध्यानांत आलें होतें कीं अधिकाऱ्यांना हा रोग क्वचितच होतो आणि खलाशांना फार. दोघांची हवा एक, पाणी एक, जहाज एक. वेगळें होतें तें फक्त ताट. त्यानें आग्रह धरून १८८४ सालीं त्सुकुबा हें दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविलें, मात्र शिध्यांत भात कमी करून मांस, दूध आणि पाव घातले. ह्या वेळीं पंधराएक जण आजारी पडले आणि मेला कोणीच नाहीं. दोनतीन वर्षांत नौदलांतून काक्के जवळजवळ नाहींसा झाला.

ताकाकीचा उपाय बरोबर होता, उपपत्ति मात्र चुकीची. आहारांत प्रथिनें कमी पडतात म्हणून रोग होतो, असें तो म्हणे. सेनेंतील जर्मन शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीं ह्या उपपत्तींतील दोष अचूक हेरले आणि त्या भरांत उपायहि झिडकारला. त्यांच्या मतें रोगाचें मूळ एखादा जंतु असला पाहिजे. ह्या पक्षांत मोरी ओगाई हा नामांकित साहित्यिकहि होता. तो पेशानें लष्करी डॉक्टर. १९०४-०५ च्या रशियाशीं झालेल्या युद्धांत जपानी सैनिकांना पांढऱ्या तांदळाचाच शिधा गेला. दोन लाखांहून अधिक सैनिक काक्केनें आजारी पडले आणि त्यांपैकीं सुमारें २७,००० दगावले. नौदल त्याच युद्धांत होतें आणि तेथें हा रोग जवळपास नव्हता. शेजारचा पुरावा डोळ्यांसमोर असतां केवळ सिद्धांत जुळत नाहीं म्हणून तो नाकारावा, ही गोष्ट ह्या साऱ्या इतिहासांत सर्वांत बोचते.

त्याच सुमारास डच सरकारनें जावा बेटावर बटाव्हिया येथें संशोधन चालविलें होतें. तेथील क्रिस्तियान आइकमान ह्याच्या कोंबड्या एकाएकीं लटपटूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं तितक्याच एकाएकीं बऱ्या झाल्या. चौकशी करतां कळलें कीं मध्यंतरीं त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील उरलेला पांढरा भात मिळत असे. पुढें नवा आचारी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना घालणें त्यानें साफ नाकारलें! नियमावर बोट ठेवणाऱ्या ह्या आचाऱ्याचें नांव इतिहासानें टिपून ठेविलें नाहीं. पुढें १८९६ च्या सुमारास फोर्डरमान ह्यानें जावांतील शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दर ३९ कैद्यांमागें एक आजारी, तर कोंड्यासकट तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दर १०,००० मागें एखादा. आइकमानला वाटे, तांदळांत विष आहे आणि कोंड्यांत त्याचा उतारा. १९०१ मध्यें त्याचा सहकारी खेरित ग्रेन्स ह्यानें विचार उलटा केला : विष मुळींच नाहीं, शरीराला अवश्य असें कांहींतरी कोंड्याबरोबर फेंकलें जात आहे. तें कांहींतरी म्हणजे जीवनसत्त्व ब-१. १९२६ सालीं बटाव्हियांतच तें कोंड्यांतून शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आलें, आणि १९३६ सालीं रॉबर्ट विल्यम्स ह्यानें तें प्रयोगशाळेंत बनविलें. हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जन्मला होता आपल्या नेल्लोरला. ब-१ वांचून हृदयाच्या स्नायूंना पिष्टमय अन्नाचें इंधन नीट जाळतां येत नाहीं. इकडे अंगभर रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाला दुप्पट राबावें लागतें आणि तें थकतें. अशा रोग्याला ह्या जीवनसत्त्वाची सुई वेळेवर मिळाली तर कांहीं तासांत धाप उतरूं लागते.

भारतांत हा रोग सरसकट सर्व भात खाणाऱ्यांत कां नव्हता? निलगिरींतील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन ह्यानें १९२४ च्या सुमारास ह्याचा पाठपुरावा केला. बेरीबेरीचें खरें ठाणें होतें मद्रास इलाख्याच्या उत्तरेस, उत्तर सरकार प्रांतांत. तेथें गिरणींत सडलेला कच्चा तांदूळ खात. बंगालपासून मलबारापर्यंत इतरत्र पुष्कळ ठिकाणीं भात उकडून, वाळवून मग सडतात. उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्याच्या आंत मुरतें आणि सडण्यानें सगळें जात नाहीं. कोकणांत आणि गोव्यांत उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतावर जाणाऱ्या माणसाला हें कोणीं शिकविलें नव्हतें. देशावर तर भाकरीच. तेथें हा प्रश्न उद्भवलाच नाहीं.

आणि तरीहि उकडा तांदूळ खाणाऱ्या बंगाल्यांतच एक विचित्र सांथ उद्भवली. १८७७ सालीं कलकत्त्यांत माणसांचे पाय सुजूं लागले. आधीं थोडा ताप, जुलाब. मग दोन्ही पाय लाल होऊन सुजत, हात लावला तरी दुखत, छाती धडधडे, धाप लागे आणि कांहीं जण एकाएकीं मरत. १८७८-७९ मध्यें हीच सांथ मॉरिशस बेटांत दिसली. पुढें पन्नास वर्षें ती बंगाल, बिहार, आसाम ह्या भागांत पुनःपुन्हां डोकें वर काढीत राहिली. घरेंच्या घरें सुजत, शेजारचें घर कोरडें राही. अंगावर पिणारीं बालकें बचावत. शहरांतील युरोपियनांना ती शिवत नसे.

बेरीबेरीचा नवा शोध तेव्हां सर्वतोमुखीं होता, म्हणून संशय तांदळावर गेला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील अ‍ॅक्टन आणि रामनाथ चोप्रा ह्या मोठ्या संशोधकांचें मत असें होतें कीं दमट कोठारांत तांदळावर जंतु वाढून विष तयार होतें. परंतु बेरीबेरींत पाय बधिर होतात, गुडघ्यावर ठोकलें तर पाय उडत नाहीं. येथें मज्जातंतु बहुधा शाबूत असत. उलट कित्येकांच्या डोळ्यांतील दाब वाढून दृष्टि जाई. १९२६ सालीं सरकार नांवाच्या बंगाली डॉक्टरानें निराळाच आरोपी पुढें केला : मोहरीचें तेल आणि त्यांत मिसळलेलें पिवळ्या धोत्र्याचें बीं. मेक्सिकोकडून आलेली ही कांटेरी वनस्पति आतां देशभर ओसाड जागीं आणि बांधांवर माजलेली दिसते. तिचे काळपट बारीक दाणे मोहरींत मिसळले तर सहज ओळखूं येत नाहींत. कापणींत ते चुकून मिसळत आणि व्यापारी लोभानेंहि मिसळत.

ह्या आरोपाकडे दहा वर्षें फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९३७ पासून कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र संस्थेंतील लाल आणि रॉय ह्यांनीं घरोघरचा शोध घेऊन सुजलेल्या कुटुंबांचें तेल तपासलें, आणि तेंच तेल स्वतःहून तयार झालेल्या माणसांना खाऊं घालून सूज आणून दाखविली. १९३९ सालीं चोप्रांनींहि आपल्या सहकाऱ्यांसह पिवळ्या धोत्र्याच्या तेलानें माणसांत हुबेहूब तोच रोग होतो असें प्रयोगानें प्रसिद्ध केलें. एके काळीं तांदळाची बाजू मांडणाऱ्या संशोधकानें विरुद्ध पुरावा स्वतःच्या हातानें उभा करावा, हें शास्त्राच्या इतिहासांत वरचेवर घडत नाहीं. १९४८ मध्यें सरकार ह्याच आडनांवाच्या दुसऱ्या एका संशोधकानें त्या तेलांतून सँग्विनरीन हें विष वेगळें केलें. तें केशवाहिन्या फुगवून त्यांच्या भिंती सैल करतें. चरकाच्या भाषेंत ही सूज आगंतु.

विष ओळखल्यावर परीक्षा अगदीं सोपी निघाली. नळींत थोडें तेल घेऊन त्यांत तीव्र नत्राम्ल मिसळलें कीं भेसळ असल्यास तांबूसनारिंगी रंग चढतो. शेंकडा एका भागाची भेसळहि माणसाला पुरेशी होते. ह्या विषावर उतारा नाहीं. तेल बंद करणें, विश्रांति आणि हृदय सांभाळणें एवढेंच हातीं असतें.

परीक्षा सोपी असूनहि ऑगस्ट १९९८ मध्यें राजधानी दिल्लींत तीच सांथ पुन्हां आली. सुमारें ३,००० माणसें आजारी पडलीं, ६० हून अधिक मेलीं, आणि सुटें मोहरीचें तेल विकण्यास सरकारला बंदी घालावी लागली. एकाच घरांतील तिघेचौघे एकदम पाय सुजून दारीं आले, तर छातीला नळी लावल्यावर डॉक्टर अजूनहि घरच्या माणसांना स्वयंपाकघरांतील तेलाची बाटली घेऊन यावयास सांगतात.